कर्णा, कपाट आणि गृहिणी

हौसेला मोल नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ते मोल घरातल्या कोणाच्या वाटणीतून काढायचे, एवढे मात्र म्हणकर्त्याने सांगून ठेवलेले नाही. कबुतरे, पतंग, शर्यतीचे घोडे यांच्या नादापायी संसारात उडालेल्या खटक्यांच्या कथा जुन्याच आहेत. विसाव्या शतकाने त्यांत एका नव्या हौसेची भर घातली. घरबसल्या संगीत हुबेहूब ऐकू यावे म्हणून यंत्रे जमविणे, ती जोडणे, मनास न आल्यास मोडणे, पुन्हा नवी आणणे आणि या खटाटोपात पगाराचा मोठा हिस्सा खर्ची घालणे, ही ती हौस होय. इंग्लंड-अमेरिकेत १९५० च्या दशकात ती ‘हाय-फाय’ या नावाने फोफावली. गोल्फच्या मैदानावर दिवस काढणाऱ्या पुरुषांच्या बायकांना तिकडे ‘गोल्फ-विधवा’ म्हणत. त्याच धर्तीवर ‘हाय-फाय विधवा’ असाही शब्द निघाला. आपल्या कानांना तो अभद्र वाटेल; परंतु नवरा घरातच आहे आणि तरीही नाही, ही त्या बायकांची तक्रार त्यात नेमकी उतरली होती.

व्यंगचित्रकारांनी या विषयावर भरपूर हात धुऊन घेतले. तारांच्या गुंत्यात बसलेला नवरा आणि कानांवर हात ठेवून दारात उभी असलेली बायको, हे चित्र त्या काळच्या नियतकालिकांत पुनःपुन्हा भेटते. या चेष्टेमुळे एक गोष्ट झाकली गेली. घरात ध्वनी ऐकविणाऱ्या यंत्राचा शंभर वर्षांचा इतिहास चाळला, तर त्याचे रूप, त्याचा आकार, इतकेच काय पण त्याला किती माणसांनी एका वेळी ऐकावे हेदेखील, ठरविण्यात या दारात उभ्या असलेल्या बाईचा वाटा फार मोठा असल्याचे दिसून येते.

आरंभ ग्रामोफोनच्या कर्ण्यापासून करावयास हवा. विजेवाचून चालणाऱ्या त्या यंत्रात तबकडीच्या खाचेतून फिरणारी सुई एका पातळ पडद्याला थरथरवी आणि ती थरथर कर्ण्यातून मोठी होऊन बाहेर पडे. कर्णा जितका लांबरुंद, तितके खालचे स्वर भरघोस. कर्ण्याचा अवाढव्यपणा हा अशा रीतीने ध्वनिशास्त्राचा नियम होता, मालकाचा डौल नव्हे. परंतु दिवाणखान्यात तो शोभत नसे. पितळेचा वा पत्र्याचा, धोतऱ्याच्या फुलासारखा उमललेला तो कर्णा जागा अडवी, येताजाता लागे आणि त्यावर बसणारी धूळ रोज पुसावी लागे. पुसणारे हात कोणाचे, हे सांगावयास नको.

शिवाय त्या काळच्या सुखवस्तू अमेरिकन घरात संगीत हे स्त्रीचे खाते होते. मुलीला पियानो शिकविणे हा तिच्या वळणाचा भाग मानला जाई. १९०९ या एका वर्षात अमेरिकेत साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. तो आकडा त्या देशात नंतर कधीच गाठला गेला नाही. ज्या खोलीत हा पियानो असे, त्याच खोलीत ग्रामोफोनला शिरकाव करून घ्यावयाचा होता. म्हणजे परवानगी कोणाकडे मागावयाची, हे उघडच होते.

व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीचा संस्थापक एल्ड्रिज जॉन्सन याने हे ओळखले. त्याने १९०६ साली बाजारात आणलेल्या ‘व्हिक्ट्रोला’ यंत्रात कर्णा खालच्या बाजूस दुमडून लाकडी कपाटाच्या पोटात दडविलेला होता. पहिली कपाटे फिलाडेल्फियाच्या पूली नावाच्या फर्निचर कंपनीकडून करून घेतली होती. आवाज कमी करावयाचा असेल तर पुढची दारे लोटून घ्यावयाची, जास्त हवा असेल तर उघडावयाची, अशी साधी सोय होती. किंमत २०० डॉलर. दोनच वर्षांनी निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार आरंभी सुमारे ८५० डॉलरना मिळे, हे लक्षात घेतले म्हणजे कपाटातल्या या कर्ण्याची महागाई ध्यानी येते. आणि आवाजाच्या दृष्टीने पाहू गेल्यास हे कपाट चांगल्या उघड्या कर्ण्यापेक्षा सरस नव्हते. दुमडलेल्या कर्ण्यात खालचे स्वर गुदमरत. तरीही ग्राहकांनी त्याच्यावर उड्या घातल्या. कंपनीने स्त्रियांच्या मासिकांतून जाहिराती दिल्या, लाकडाचे नमुने दाखविले, आणि काही वर्षांतच ‘व्हिक्ट्रोला’ हे एका कंपनीचे नाव सबंध जातीचे नाव बनून गेले. घरच्या ध्वनियंत्राने गृहिणीच्या पसंतीपुढे आपल्या आवाजाचा बळी दिला, असे पुढच्या काळातले शौकीन हळहळून म्हणत. तो बळी दिला नसता, तर ते यंत्र घराघरांत पोहोचलेच नसते, हे त्यांच्या ध्यानात येत नसे.

हे यंत्र आपल्याकडेही फार उशिरा आले नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर घेतले गेले आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत कर्णेवाला फोनो बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरसारख्या गानप्रेमी संस्थानी शहरांतून ओळखीचा झाला. मात्र आपल्या घरांतील स्त्रियांचा या यंत्राशी असलेला संबंध अमेरिकन गृहिणीपेक्षा निराळा होता. तिकडे पियानो घरात होता आणि तबकडीने तो बाहेर काढला; इकडे गाणे घराबाहेर होते आणि तबकडीने ते आत आणले. दरबारातली बैठक, पेठेतली मैफल येथे घरंदाज बाईला जाण्याची सोय नव्हती. पुढे हिराबाई बडोदेकर आणि केसरबाई केरकर यांच्यासारख्या गायिकांच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा ज्या बैठकीला बसणे अशक्य होते, तिचा तीन-साडेतीन मिनिटांचा तुकडा माजघरात ऐकू येऊ लागला. अशा बाईला तो कर्णा अडचण वाटला असेल, असे मानणे कठीण आहे. फोनो आणि त्यानंतर आलेला रेडिओ यांच्यावर घरोघर घातलेले भरतकामाचे आच्छादन हीच त्याची साक्ष. किंमत जास्त होती हे खरे. पण ऐकणारे सारे घर होते, बहुधा शेजारही.

पाश्चात्य घरांत मात्र कपाटाने मिळविलेला समेट फार दिवस टिकला नाही. १९२० नंतर रेडिओ आला आणि तो प्रथम आला तो तारा, व्हॉल्व्ह आणि बॅटऱ्या यांच्या उघड्यावाघड्या पसाऱ्याच्या रूपाने. शिशाच्या बॅटरीतले आम्ल गालिच्यावर सांडे आणि त्याला भोके पाडी. ऐकावयाचे ते कानाला लावण्याच्या यंत्रातून. म्हणजे एक ऐकणार आणि दुसऱ्याने गप्प बसावयाचे. दूरचे केंद्र पकडण्याच्या नादात पुरुषमंडळी मध्यरात्र उलटवीत. काय ऐकले यापेक्षा किती दूरचे ऐकले याची बढाई अधिक. दशक संपण्यापूर्वी रेडिओ घरातल्या विजेवर चालू लागला, त्याला बोलका कर्णा मिळाला आणि तोही नक्षीदार लाकडी कपाटात जाऊन बसला. म्हणजे ग्रामोफोनची कथा पुन्हा एकदा घडली. पुरुषाने यंत्र घरात आणावे आणि त्याला घरात राहण्याजोगे करून घेण्याचे काम स्त्रीच्या तक्रारीने करावे, असा हा क्रम दिसतो.

इंग्लंडात ज्यांना कपाटाचा गुदमरलेला आवाज मान्य नव्हता, अशांचा एक पंथच निर्माण झाला. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी १९२३ साली ‘ग्रामोफोन’ नावाचे मासिक काढले. त्यात त्यांचे सहकारी होते ख्रिस्तोफर स्टोन, म्हणजे त्यांच्या पत्नी फेथ यांचे बंधू. मासिकाचा कारभार अशा रीतीने नात्यागोत्यातला होता. तरी वाचकवर्गात स्त्रिया इतक्या थोड्या का, याची चर्चा त्याच मासिकात दोनतीन वर्षांच्या आत सुरू झाली. त्या पंथातील श्रीमंत मंडळी ई. एम. जी. या लहानशा कारखान्याची हातबनावटीची यंत्रे घेत. त्यांचा कागदाच्या लगद्याचा कर्णा इतका मोठा असे की, काहींचा तोंडाचा व्यास पावणेतीन फुटांपर्यंत जाई. खोलीत तो उभा राहिला म्हणजे टेबल, खुर्ची, माणूस सारे त्याच्या छायेत. त्यावर बांबूच्या सुया वापरीत आणि त्या दर खेपेस कातराव्या लागत. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्धीस आलेले टी. ई. लॉरेन्स यांच्या क्लाउड्स हिल येथील झोपडीवजा घरात असाच एक प्रचंड कर्णा होता. लॉरेन्स अविवाहित होते, ही गोष्ट येथे अगदीच गैरलागू नाही.

याच सुमारास, १९३१ साली, लंडनमध्ये एक लहानसा प्रसंग घडला. ॲलन ब्लूमलाइन हा तरुण अभियंता पुढे त्याची पत्नी झालेल्या डोरीन हिच्यासह बोलपट पाहावयास गेला होता. पडद्यावरचा माणूस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाई, पण त्याचा आवाज मात्र एकाच जागेहून येई. आंधळ्या माणसाला हे कसे कळायचे, असे काहीसे तो डोरीनपाशी बोलला आणि आवाजाला माणसाच्या मागोमाग चालावयास लावण्याचा उपाय आपल्याला सापडल्याचेही त्याने तिला सांगितले. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याने पेटंटासाठी अर्ज केला. दोन वाहिन्यांच्या ध्वनीचे, म्हणजे ज्याला आज आपण स्टिरिओ म्हणतो त्याचे, ते मूळ टिपण मानले जाते. पुढे ज्या स्टिरिओने दिवाणखान्यांत धुमाकूळ घातला, त्याची पहिली वार्ता जिच्या कानी गेली ती एक भावी पत्नी होती. ब्लूमलाइन मात्र १९४२ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, रडारच्या चाचणीत विमान कोसळून मरण पावला. त्याच्या युक्तीचे घरगुती वैभव त्याला पाहावयास मिळाले नाही.

आता मुख्य दशकाकडे वळू. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा सैन्यात बिनतारी यंत्रे, रडार, सोनार यांवर हात बसलेले हजारो तरुण घरी परतले. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एका उत्कृष्ट ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी जुळविला. १९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने दीर्घकाळ वाजणारी तबकडी आणली. तीन-चार मिनिटांच्या जागी एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत आले. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात पहिली ‘ऑडिओ फेअर’ भरली, आणि १९५१ मध्ये ‘हाय फिडेलिटी’ हे नियतकालिक निघाले. फिडेलिटी म्हणजे मूळ स्वराशी राखलेले इमान. इंग्रजीत पतिपत्नींच्या एकनिष्ठेलाही हाच शब्द आहे, आणि त्यावरून झालेल्या कोट्यांची गणती करणे अशक्य.

या नव्या शौकिनाने एक विलक्षण गोष्ट केली. पन्नास वर्षे प्रयत्न करून यंत्र ज्या कपाटात बसविले होते, तेथून त्याने ते बाहेर काढले. कपाटात बसते ते फर्निचर, संगीताचे यंत्र नव्हे, अशी त्याची ठाम समजूत होती. व्हॉल्व्ह उघडे, तारा उघड्या, ध्वनिक्षेपकाची पेटी निव्वळ प्लायवूडची. पॉल क्लिप्श या आर्कान्सासमधील अभियंत्याचा १९४६ पासून विक्रीस असलेला ‘क्लिप्शहॉर्न’ माणसाच्या छातीइतका उंच असून तो खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावा लागे; दोन्ही भिंती मिळून त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग पुरा करीत. इंग्लंडात व्हार्फडेल कंपनीचे जी. ए. ब्रिग्ज यांनी तर कोपऱ्यात विटा रचून ध्वनिक्षेपकाचे घर बांधण्याची शिफारस केली. लाकूड थरथरते, वीट थरथरत नाही, हे शास्त्र बिनचूक होते. दिवाणखान्यात वीटकाम काढण्यापूर्वी घरात कोणाला विचारावे, हे शास्त्रात नव्हते.

आणि हे सारे मावायचे कोठे? न्यूयॉर्कजवळ लॉंग आयलंडवर १९४७ पासून उभारलेली लेव्हिटटाउन ही वसाहत युद्धोत्तर अमेरिकन संसाराचा नमुना समजली जाते. तेथील पहिली घरे सुमारे ७५० चौरस फुटांची होती आणि त्यांना तळघर नव्हते. पूर्वी नवऱ्याची हत्यारे, करवती, रेडिओचे सांगाडे तळघरात जात. आता बायकोचा दिवाणखाना आणि नवऱ्याची कार्यशाळा एकाच खोलीत आली. मुले तिथेच खेळत, पाहुणे तिथेच बसत, टेलिव्हिजनही तिथेच आला. भांडणाचे मूळ बऱ्याच अंशी या चौरस फुटांत आहे.

ऐकण्याचा प्रकारही विचित्र होता. एमरी कुक या ध्वनिमुद्रकाने रात्रीच्या वेळी धावणाऱ्या वाफेच्या आगगाड्यांचे आवाज टिपून त्यांची तबकडी काढली. १९५१ च्या सुमारास ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनांत तिच्याभोवती गर्दी लोटे. घरोघरच्या यंत्रांची कसोटी पाहण्यासाठी शौकीन लोक बीथोव्हेनऐवजी इंजिनाची शिट्टी आणि ढगांचा गडगडाट वाजवू लागले. ज्या बाईला मोत्सार्ट ऐकावयास आवडला असता, तिने बैठकीच्या खोलीतून जाणारी आगगाडी दिवसातून किती वेळा ऐकावी? स्त्रियांच्या कानांना उंच स्वर सोसत नाहीत म्हणून त्यांना हाय-फाय आवडत नाही, असे सिद्धान्त त्या वेळी गंभीर चेहऱ्याने मांडले गेले. त्यांच्या कानांवर काय आदळत होते, याचा विचार सिद्धान्तकारांनी केलेला दिसत नाही. थट्टा मात्र उत्तम झाली. लंडनमध्ये १९५६ च्या अखेरीस रंगमंचावर आलेल्या फ्लँडर्स आणि स्वान यांच्या कार्यक्रमात या शौकिनांवरचे एक गाणे होते आणि त्याला हशा पिकवणाऱ्या प्रेक्षकांत ते शौकीन स्वतःही असत. १९५७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने कॅनडातील एका मानसोपचारतज्ज्ञाचे मत छापले. या वेडाला त्याने व्यसनाच्या पंक्तीला बसविले होते, आणि ते वेड असणारे बहुतेक मध्यमवयीन पुरुष असल्याचे नमूद केले होते.

पैशाची बाजूही तपासली पाहिजे. कारण विनोदात तीच पहिल्यांदा गळते. १९५० साली अमेरिकेतील मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३,३०० डॉलर होते, म्हणजे आठवड्यास साठ-पासष्ट डॉलर. चांगला ध्वनिक्षेपक, ॲम्प्लिफायर, तबकडी फिरविणारे यंत्र आणि तबकड्या यांची बेरीज सहज अनेक शेकड्यांत जाई. हा खर्च पती आपल्या कमाईतून करी आणि ती कमाई त्याची मानली जाई. पत्नीला स्वतःच्या नावावर उधारीचे खाते सहजासहजी मिळत नसे. तिच्याशी याबाबत भेदभाव करू नये असा कायदा अमेरिकेत व्हायला १९७४ साल उजाडले. तिला जे यंत्र हवे असेल, धुण्याचे म्हणा, शिवणाचे म्हणा, ते घराची गरज म्हणून वादात पडे. त्याला जे हवे असेल ते छंद म्हणून येऊन पडे. आवाज कमी करा, असे ती म्हणाली तर ती अरसिक ठरे. या दशकाचा अभ्यास करून कीर काइटली या कॅनडातील विद्वानाने १९९६ साली लिहिलेल्या लेखात असे दाखविले आहे की, हाय-फाय हे त्या काळी घरात पुरुषाने स्वतःभोवती उभारलेली आवाजाची भिंत होती. पत्नी आणि टेलिव्हिजन यांच्या ताब्यात गेलेली खोली तो या मार्गाने परत मागत होता. हे म्हणणे पुष्कळ अंशी पटते. मात्र त्यात सर्वच घरे बसत नाहीत.

सॉल मॅरँट्झ यांचे घर बसत नाही. न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात राहणारे हे गृहस्थ १९५० च्या आसपास स्वतःच्या ऐकण्यासाठी एक नियंत्रक यंत्र जुळवून बसले होते. त्याआधी त्यांनी आपल्या मोटारीतला रेडिओ उपटून घरात बसविल्याची कथा सांगतात. म्हणजे रोग जुना होता. पत्नी जीन यांनी त्यांना अडविण्याऐवजी अशी शंभर यंत्रे करून विका, असे सुचविले. शंभरांच्या जागी चारशेंची मागणी आली, आणि ज्या कंपनीचे नाव पुढे साऱ्या जगाने ऐकले ती अशी घरातल्या घरात उभी राहिली. हौस परवडत नसेल तर तिच्याकडूनच तिचा खर्च वसूल करावा, हा जीनबाईंचा हिशेब कोणत्याही व्यंगचित्रकाराला सुचला नव्हता.

त्याहून मोलाची कथा एडगर आणि रोझमेरी व्हिल्चर यांची. न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक गावी राहणाऱ्या व्हिल्चर यांच्या मनात एक कल्पना होती. ध्वनिक्षेपकाचा पडदा ताठ चौकटीऐवजी अगदी सैल बसवावा, पेटी हवाबंद करावी आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम करू द्यावे. असे केल्यास खालचे स्वर स्वच्छ येतील आणि कपाटाएवढी पेटी लागणार नाही. परंतु तसा सैल पडदा बाजारात नव्हता. युद्धकाळात आरेखनाचे काम केलेल्या रोझमेरी यांनी त्याचा नमुना आखला आणि गादीच्या खोळीच्या कापडाचा घेर शिवून दिला. पहिला प्रयोग त्यावर झाला. १९५४ साली ‘अकौस्टिक रिसर्च’ कंपनी निघाली, तिची पहिली पेटी १८५ डॉलरना विकली गेली, आणि तिच्यापुढे खोली अडविणारे जुने अजस्र ध्वनिक्षेपक हळूहळू मागे हटले. पुस्तकांच्या फळीवर बसणारा ध्वनिक्षेपक घरात आला तो असा, शिवणाच्या टाक्यांतून. पन्नास वर्षांपूर्वी व्हिक्ट्रोलाने घरासाठी आवाज गमावला होता. या पेटीने दोन्ही साधले. एक गोम राहिलीच. ही पेटी शक्ती फार खाई, तेव्हा तिच्यासाठी अधिक दांडगा, अधिक महाग ॲम्प्लिफायर घ्यावा लागे. पतिराजांचा खिसा वाचला असे कोणी समजू नये.

पेटी लहान झाली न झाली, तोच १९५८ मध्ये स्टिरिओच्या तबकड्या सर्रास मिळू लागल्या. एकाच्या जागी दोन ध्वनिक्षेपक आले. कोपरा मागणाऱ्यांना दोन कोपरे लागले. त्याहून अवघड अशी नवी अट आली. दोन्ही पेट्यांपासून सारख्या अंतरावर जेथे आवाज नीट जुळतो, ती जागा एकाच खुर्चीपुरती असते. सोफा हलवून त्या जागी एक खुर्ची मांडली गेली. त्या खुर्चीवर कोण बसे, हे कळावयास तर्क नको. शेजारी बसणाऱ्याला वाद्यवृंद एका बाजूस कललेला ऐकू येई. कारखानदारांनी तोड म्हणून लांबट, बुटकी लाकडी पेटारवजा यंत्रे काढली. दोन्ही ध्वनिक्षेपक त्यांत दडलेले असत, वर फुलदाणी ठेवता येई. साठीच्या दशकात ती लाखांनी खपली. खऱ्या शौकिनाने त्यांचा तिरस्कार केला, आणि घरात मात्र सगळ्यांनी मिळून गाणी ऐकली ती बहुतेक त्यांवरच.

या झगड्याला एक शास्त्रीय वाटणारे नावही मिळाले. ‘पत्नीची मान्यता’ हा यंत्र निवडण्याचा एक घटक आहे, असे लॅरी ग्रीनहिल या समीक्षकाने अमेरिकेच्या ‘स्टिरिओफाइल’ मासिकात १९८३ साली लिहिले आणि हा शब्दप्रयोग लुइस लिप्निक यांनी घडविल्याचे सांगितले. तेव्हापासून तो शौकिनांच्या बोलण्यात कायमचा बसला आहे. यंत्राच्या शक्तीच्या आणि किमतीच्या आकड्यांशेजारी बायकोच्या नापसंतीचाही जणू एक आकडा मांडावयाचा. अलीकडे काही लोक ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ म्हणतात, कारण हौस करणारी स्त्री आणि कपाळाला आठ्या घालणारा पुरुष अशीही घरे आहेत. शब्द बदलला तरी त्यातली भूमिका तीच राहते. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने मान्यता द्यायची. दुसऱ्यालाही काही ऐकावयाचे असेल, ही शक्यता त्या शब्दात नाही.

ही शक्यता ज्याच्या ध्यानात आली, असा एक कारखानदार होऊन गेला. सोनी कंपनीचे अकिओ मोरिता यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात ती हकीकत दिली आहे. वॉकमनचा पहिला नमुना तयार झाला तेव्हा तो घेऊन ते घरी गेले आणि कानांना लावून निरनिराळे संगीत ऐकू लागले. खोलीत आवाज नव्हता, तारांचा पसारा नव्हता, कर्णा तर नव्हताच. पन्नाशीतल्या अमेरिकन गृहिणीने मागितले असते ते सारे त्या डबीत होते. तरीही पत्नी योशिको नाराज झालेल्या त्यांना दिसल्या. नवरा समोर बसून ऐकतो आहे आणि आपण बाहेर राहिलो, हे त्यांना खटकले होते. मोरितांनी दोघांना एकत्र ऐकता यावे अशी सोय करण्याचे ठरविले. १९७९ च्या जुलैत बाजारात आलेल्या पहिल्या वॉकमनला म्हणूनच कानयंत्रे जोडण्याची दोन छिद्रे होती, आणि एकमेकांशी बोलावयाचे झाल्यास संगीत मंद करणारे एक नारिंगी बटणही होते. लोकांनी ते यंत्र घेतले, एकट्याने ऐकले, आणि काही वर्षांत दुसरे छिद्र व ते बटण दोन्ही वॉकमनवरून नाहीशी झाली.